सशांचे डॉक्टर

चिट्याल सरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. हाडं राहत. आमच्या शरीररचना विभागात दोन शिपाई होते आणि दोघांचंही नाव मारुती. बाकीचे लोक त्यांना थोरला मारुती आणि धाकटा मारुती म्हणत. सर म्हणत, "तो खांदा निखळलेला मारुती जरा पाठवून द्या." खांदा निखळल्याला वीस वर्षं होऊन गेली होती आणि मारुतीने ती गोष्ट कॉलेजात कुणालाही सांगितलेली नव्हती. तो टेबल कसा पुसतो यावरून सरांनी ती ओळखली होती.

मी रुजू झाले त्या दिवशी माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. दारापासून टेबलापर्यंत मी कशी चालत आले ते बघितलं आणि म्हणाले, "लहानपणी उजवा घोटा दुखावला होता. दुर्लक्ष केलंत."

"जिन्यावरून पडले होते, सर. आईने हळद लावली."

"हळदीने काही बिघडलं नाही," सर गंभीरपणे म्हणाले, "पण सुधारलंही नाही. नाव काय आपलं?"

मी नाव सांगितलं. पुढची पाच वर्षं ते मला जाधवबाई म्हणत होते. त्यातले पहिले सहा महिने हजेरीपटात बघून म्हणत, हेही मी पाहिलेलं आहे.

ही सत्तरच्या दशकाच्या मधली गोष्ट. सोलापूरच्या त्या मेडिकल कॉलेजात मी स्लाइड बनवायची. हाडामांसाचे कागदाहून पातळ काप काढायचे, ते रंगवायचे आणि काचेवर बसवायचे. वय बावीस, डोकं तापट आणि आपल्यासारखं काम पुणे-मुंबईत कुणी करत नसेल असा ठाम समज. सर पंचेचाळिशीचे असतील. बारीक अंगाचे, कपाळावरचे केस मागे गेलेले, अंगात अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा. घर साखर पेठेत. घरात हातमाग, घरची बोली तेलुगू, वडील, चुलते, भाऊ सगळे विणकर. मागाचा खड्डा सोडून शाळेत गेलेले आणि पुढे डॉक्टर झालेले हे एकटेच. डॉक्टर झाले तेही असे, की घरात कुणाला ताप आला तर शेजारच्या कंपाउंडरला बोलवावं लागे. सर सगळ्यांना अहोजाहो करत. विद्यार्थ्यांना करत, मारुतीला करत, सशांनाही करत.

नव्या मुलांना सर पहिला तास घेत तो बघायला मी दरवर्षी हातातलं काम टाकून जायची. कडक इस्त्रीचे पांढरे कोट घातलेली मुलं समोर बसलेली असत. सर एक शब्द न बोलता कोंबडीच्या तंगडीचं हाड वर धरत आणि त्याला गाठ मारत. दोरीला मारतात तशी, खरीखुरी गाठ. ते हाड आठवडाभर ॲसिडात ठेवलेलं असे. त्यातला चुना निघून गेलेला आणि नुसते धागे उरलेले. मग खिशातून दुसरं हाड निघे, भट्टीत जाळलेलं. त्यातले धागे जळून नुसता चुना उरलेला. ते चिमटीत धरलं की भुगा.

"धागा आणि चुना," सर म्हणत. "दोन्ही असले की हाड झालं. पण ते रिकामं घर झालं. आत राहणारी मंडळी कुठं आहेत?"

मुलं हसत. यात हसण्यासारखं काय आहे ते सरांना कधीच कळलं नाही.

आत राहणारी मंडळी म्हणजे पेशी. सर त्यांना कामकरी म्हणत. कातडी फाटली तर व्रण राहतो, पण हाड मोडलं तर त्या जागी पुन्हा हाडच येतं आणि काही वर्षांनी कुठं मोडलं होतं तेही सापडत नाही, याचं सरांना अखंड नवल वाटे. हे काम कोण करतं? त्यांचं म्हणणं असं, की हाडाच्या पोकळीत जो लाल मगज असतो त्यात काही कामकरी बसून असतात, आणि त्यांना उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलं तर तिथंही ते हाड बांधायला घेतील. परदेशात कुणीकुणी असं करून पाहिल्याचं त्यांनी वाचलं होतं. आता वर्तमानपत्रात मूळपेशी, स्टेम सेल वगैरे मोठमोठे मथळे येतात. तेव्हा यातला एकही शब्द आमच्या विभागात कुणी उच्चारत नव्हतं. आमच्याकडे होते ते कामकरी आणि ससे.

ससे विभागामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असत. त्यांचं सगळं रसूलभाई बघत. लसूणघास आणण्यापासून पिंजरे धुण्यापर्यंत. सर सशाच्या मांडीच्या हाडातला चिमूटभर मगज काढून त्याच सशाच्या पाठीच्या स्नायूत ठेवत आणि दोन महिन्यांनी तिथं काय झालं ते मी काप काढून बघायचं. कधी तिथं तुरीच्या डाळीएवढं हाड तयार झालेलं असे, मऊ मांसाच्या मधोमध, जिथं हाडाचं काही काम नाही अशा जागी. कधी काहीच नसे. सरांच्या नोंदवहीत शेवटचा रकाना होता, त्याचं शीर्षक "कळलं नाही". तो रकाना सगळ्यांत रुंद आखलेला असे आणि गच्च भरलेला असे. मी एकदा म्हटलं, "सर, बाहेरून कुणी तपासायला आलं तर हे बरं दिसत नाही."

"मग कळलं असं लिहू का?" सरांनी विचारलं. ते खरंच विचारत होते, म्हणून मला जास्त राग आला.

कॉलेजात त्यांना सशांचे डॉक्टर म्हणत. चहाच्या वेळी कुणीतरी हटकून विचारायचंच, "काय चिट्याल, पेशंट काय म्हणतात?" सर बशीत चहा ओतत सांगत, "दोघांनी घास सोडला आहे." विचारणाऱ्याचीच पंचाईत होई.

दर मंगळवारी हाडांची ओपीडी असे. सरांचा तिथं काही संबंध नसताना ते जाऊन पेशंटच्या बाकावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चाल बघत. तिथं त्यांना हौसाबाई भेटली. मी एका फाइलवर सही घ्यायला गेले होते म्हणून मला ते बोलणं ऐकायला मिळालं.

हौसाबाई करमाळ्याकडची. नवऱ्याबरोबर श्रीपूरला ऊसतोडीला गेली असताना भरल्या बैलगाडीचं चाक तिच्या डाव्या नडगीवरून गेलं. त्याला दीड वर्ष झालं होतं. कातडी भरून आली, हाड काही सांधेना. आमच्याच पाठकसाहेबांनी दोनदा तिच्या खुब्याच्या हाडाचे तुकडे काढून नडगीत भरले. दोन्ही वेळा ते विरघळून गेले. गुडघा आणि घोटा यांच्या मध्ये तिचा पाय आणखी एका जागी वाकत असे. ते मला बघवलं नाही.

"तुमी डाक्तर हाय न्हवं?" तिने शेजारी बसलेल्या सरांना विचारलं.

"आहे. पण मेलेल्यांचा. मी कॉलेजात प्रेतं शिकवतो."

"मंग बरं हाय की," ती म्हणाली. "तुमच्या हातनं कोन मरायचं भ्या न्हाय."

सर हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. मग हौसाबाईने पाय पुढे केला आणि सांगितलं, की पाठकसाहेब आता गुडघ्याखाली काढायचं म्हणतात, लाकडाचा पाय बसवून देतो म्हणतात. "कोयता म्हंजी दोन मानसं आसत्यात डाक्तर. त्यो तोडनार, म्या मोळ्या बांदून डोईवरनं गाडीपतुर नेनार. लाकडाच्या पायानं सरीतनं चालता यील का? म्या घरी बसल्यावर त्यो एकला कुटं जानार? मला ह्यो माजाच पाय पायजेल."

सरांनी धीर दिला नाही, तो त्यांना देताच येत नसे. त्यांनी एक भलताच प्रश्न विचारला. "खुब्यातून हाड काढलं आणि पायात घातलं. मधल्या वेळात ते कुठं होतं?"

"आता मला काय ठावं? मला तर निजवलं हुतं."

हा प्रश्न घेऊन सर उठले ते सरळ पाठकसाहेबांकडे गेले. पाठकसाहेब म्हणजे आडदांड, मोठ्या आवाजाचा, मनाने सरळ माणूस. हात असा, की जिल्ह्यात त्यांच्याइतका सफाईचा सर्जन नव्हता. ते म्हणाले, "या की ऑपरेशन बघायला. तुमचे ससे पळून जाणार नाहीत ना तेवढ्यात?"

सर गेले. दुसऱ्याच एका पेशंटचं ऑपरेशन होतं, खुब्यातून हाड काढून हातात घालायचं. थिएटर रूथ सिस्टरच्या ताब्यात असे. रूथ सिस्टर अहमदनगरकडच्या, उंच, शिस्तीला अशा कडक की पाठकसाहेबही त्यांच्यासमोर आवाज खाली आणत. त्यांच्या थिएटरमधून गेलेल्या पेशंटची जखम सहसा चिघळत नसे आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. सर कोपऱ्यात घड्याळ हातात धरून उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"जाधवबाई, पाऊण तास," ते म्हणाले. "सिस्टर तुकडे घेतात. मिठाच्या पाण्यात धुतात. पुन्हा धुतात. मग जंतुनाशकात बुडवतात. पुसतात आणि कोरड्या फडक्यावर मोठ्या दिव्याखाली मांडून ठेवतात, तांदूळ वाळत घालावेत तसे. इतके पांढरेशुभ्र, सुंदर दिसतात! आणि इकडे पाठक पायाची जागा तयार करत असतात. पाऊण तास."

मला काही उमजलं नाही. स्वच्छ ठेवतात, यात वाईट काय? सर स्टुलावर बसले. म्हणाले, "आमच्या घरी ताणा सांधायचं काम आई करायची. जुन्या धाग्याच्या टोकाला नव्याचं टोक पीळ देऊन जोडायचं. हजार हजार धागे. शेजारी पाण्याची वाटी. बोटं कोरडी झाली की लगेच भिजवायची. कोरड्या बोटांनी जोडलेला धागा दिसायला चांगला दिसतो, मागावर ताण बसला की सुटतो. मी लहानपणी घाई करायचो, तेव्हा तिने माझे कितीतरी धागे तोडून पुन्हा जोडून घेतलेत. अहो, कामकऱ्यांना धुऊन, वाळवून, मारून मग त्यांना कामावर पाठवायचं का?"

दिवाळी झाल्यावर दहा सशांवर काम सुरू झालं. प्रत्येकाच्या पाठीत उजव्या बाजूला मगज काढल्या काढल्या लगेच ठेवायचा. डाव्या बाजूला तोच मगज, पण रूथ सिस्टरच्या पद्धतीने धुऊन, पाऊण तास दिव्याखाली ठेवून मग. दोन महिने थांबायचं. पाठकसाहेबांना सरांनी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चिट्याल, दोनदा त्या बाईला फाडलंय मी. तिसऱ्यांदा नुसत्या कल्पनेवर हात लावणार नाही. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की पुढच्या सोमवारी पाय काढायचं ठरवलंय. त्याआधी डोळ्यांना दिसेल असं काही दाखवा."

मला पाठकसाहेबांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं.

आता माझी लाज सांगते. संक्रांतीच्या आठवड्यात सरांनी आठ सशांच्या पाठीतले तुकडे काढून माझ्या हवाली केले; दोन ससे मधेच मेल्याचं रसूलभाईंनी सांगितलं होतं. हाडाचे काप काढण्याआधी ते ॲसिडात ठेवून त्यातला चुना काढावा लागतो, नाहीतर पात्याची धार जाते. पण वेळेवर बाहेर काढले पाहिजेत. जास्त राहिले तर पेशी रंग घेत नाहीत. रोज सुई टोचून बघायचं आणि तिसऱ्या दिवशी काढायचे, हे मी झोपेतही सांगितलं असतं. त्यात सिद्धेश्वराची यात्रा आली, सुट्ट्या आल्या आणि करमाळ्याहून माझ्या मावसबहिणी आल्या. सोलापुरात राहून गड्ड्याला पाहुण्यांना फिरवायचं नाही हे आमच्या घरात होऊ शकत नाही. तीन दिवस आम्ही नंदीध्वजांची मिरवणूक पाहिली, बांगड्या भरल्या, भजी खाल्ली. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी मोठ्या पाळण्यात बसले होते. पाळणा वर जाऊन थांबला, खाली सगळा गड्डा दिव्यांनी उजळलेला, आणि मला ती काचेची बरणी आठवली. मी "खाली घ्या, खाली घ्या" म्हणून ओरडायला लागले. बहिणींना वाटलं, मला चक्कर आली.

काप काढले, रंगवले. जिवंत पेशीचा ठिपका निळा दिसतो. माझ्या एकूण एक स्लाइडवर एकही निळा ठिपका नव्हता. उजवी बाजू गुलाबी, डावी बाजू गुलाबी. धागे होते, पण आत कुणी होतं की नव्हतं हे कुणालाही सांगता आलं नसतं. सोमवार तीन दिवसांवर आला होता. मी सरांपुढे उभी राहून रडले. हौसाबाईचा पाय मी पाळण्यात बसून घालवला, असंच मी म्हणाले.

सरांनी सगळ्या स्लाइड बघितल्या. एकेक करून, शेवटपर्यंत. मग नोंदवही ओढून लिहिलं, ॲसिडात दोन दिवस जास्त, तपासणी राहिली, आणि पुढे स्वतःची सही केली. मी म्हटलं, "सर, चूक माझी आहे." ते म्हणाले, "तुम्हाला सुट्टी मीच मंजूर केली होती. बरणी मीच बघायला हवी होती. चला, पाठकांना सांगून येऊ." म्हणजे ते नापास झालेला निकालही दाखवायला निघाले होते! मी म्हटलं, "निदान उजवीकडे हाड जास्त दिसतंय असं सांगा. कोण तपासणार आहे?" सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की पुढं कधी मी तसं बोलले नाही.

तेवढ्यात दारात रसूलभाई येऊन उभे राहिले. टोपी हातात. "साब, एक बात बोलनेकी थी. गुस्सा नक्को करो."

"बोला."

"दस में के आठीच दिये मैं. दो रख लिया. वो भोत छोटे थे साब, हात में लेते तो आँखाँ मींच लेते थे. मेरे से नै हुआ. घर कू ले गया था. मेरी बच्ची नसरीन उनको गाजर खिलाती."

मेलेल्यांचा खोटा आकडा लिहायला लावला म्हणून सर चिडतील असं मला वाटलं. सर खुर्चीवरून उठले, रसूलभाईंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "जिवंत आहेत?"

"हौ साब, एकदम तंदुरुस्त."

"मग मारायचे नाहीत. त्यांना घेऊन या. एक्स-रे काढू."

मला स्वतःच्या कपाळावर मारून घ्यावंसं वाटलं. मगज मऊ असतो, एक्स-रेत दिसत नाही. दिसलंच तर नवीन झालेलं हाडच दिसणार. शिवाय पाठकसाहेबांनी माझ्या स्लाइडकडे अर्धं मिनिट बघून मान डोलावली असती, पण एक्स-रे ते जन्मभर वाचत आलेले होते. इतके दिवस आम्हाला हे सुचलं नाही, कारण आम्ही प्रेतांच्या विभागातली माणसं. आमच्याकडे येतं ते कापायचं एवढंच आम्हाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रेच्या रांगेत हात मोडलेले, पाय मोडलेले आणि त्यांच्या मागे वेताची टोपली घेऊन रसूलभाई, त्यांच्या मागे सर आणि मी. वळसंगच्या एका आजोबांनी टोपलीत डोकावून विचारलं, "ह्येंचं काय मोडलंय?" सरांनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. आजोबा म्हणाले, "मंग ह्येंचं आदी काडा की. आमी काय, बसलोयच." रांगेने आम्हाला पुढं सोडलं. टेबलावर ससा हलेना म्हणून रसूलभाईंना कौतुक, आणि मला भीती की तो मेला की काय.

एक्स-रे ओलाच घेऊन सर पाठकसाहेबांकडे गेले. दोन्ही सशांच्या पाठीत उजवीकडे एक पांढरा दाणा होता, स्पष्ट. डावीकडे काही नव्हतं. पाठकसाहेबांनी तो खिडकीकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "हे धुतलेलं कुठलं?" त्यांनी विचारलं. सरांनी डावीकडे बोट ठेवलं. पाठकसाहेब खाली बसले. म्हणाले, "म्हणजे मीच घालवलं की हो तिचं हाड. दोन वेळा."

"तसं म्हणता येत नाही," सर म्हणाले. "दोनच ससे आहेत. आणि बाई ससा नाहीत. मला नक्की माहीत नाही."

असं बोलून माणूस आपलंच काम बिघडवतो. पण पाठकसाहेबांचा विश्वास बसला तो त्याच वाक्यावर, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. हौसाबाईला दोघांनी मिळून विचारलं. सरांनी तिलाही तेच ऐकवलं, नक्की सांगता येत नाही. ती म्हणाली, "नक्की काय आसतंय डाक्तर? सशाला फुटलंय तर मला बी फुटंल. न्हाय फुटलं तर कापायला तुमी हायच की."

रूथ सिस्टर मात्र संतापून आमच्या विभागात आल्या. "रक्ताने माखलेलं हाड मी तसंच टेबलावर ठेवू? माझ्या थिएटरमध्ये?"

सरांनी त्यांना खुर्ची दिली. म्हणाले, "सिस्टर, तुमच्या हातून जखमा चिघळत नाहीत म्हणून तर हे करायचं धाडस होतंय. हात धुवा, भांडी उकळा, सगळं तुमच्या रीतीने. फक्त त्या तुकड्यांना आंघोळ नको. तिचंच आहे, तिच्यातच चाललंय. मध्ये घाण आली कुठून?"

सिस्टर निघून गेल्या. सोमवारी त्यांनी झाकणाचं नवं स्टीलचं भांडं काढलं. पाठकसाहेबांना आधी पायाची जागा तयार करायला लावली आणि मगच खुब्याला हात लावू दिला. तुकडे आले तसे हौसाबाईच्याच रक्तात, ओल्या फडक्याखाली ठेवले आणि "डॉक्टर, दोन मिनिटं झाली. डॉक्टर, तीन झाली," असं मोजत पाठकसाहेबांना धारेवर धरलं. ऑपरेशन झाल्यावर त्या सरांना एवढंच म्हणाल्या, "इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही." सर म्हणाले, "कुणाला माहीत नव्हतं, सिस्टर. मलाही नव्हतं." त्यानंतर त्या थिएटरमध्ये हाड कधी धुतलं गेलं नाही.

पुढचे चार महिने पाय प्लास्टरमध्ये. सर रोज संध्याकाळी घरी जाताना वॉर्डात तिच्या पायाशी स्टुलावर जाऊन बसत. प्लास्टरकडे बघत राहत. तिचा नवरा भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून आणायचा, ती सरांपुढे करायची. "सायेब, अंडी उबवल्यावानी बसू नगा. खावा," असं ती म्हणायची आणि सगळा वॉर्ड हसायचा. सर खात. मला वाटतं, तिच्याइतकी भीती त्यांनाही वाटत होती.

त्या पावसाळ्यात सरांची विदर्भात बदली झाली. हुकूम आला तेव्हा मी बहिणीच्या लग्नाला बार्शीत होते. परत आले तर टेबल रिकामं होतं. पुढे त्यांची कार्डं येत. या कामावर लिहिलेला लेख त्यांनी दोन ठिकाणी पाठवला आणि दोन्हीकडून तो परत आला, संख्या कमी आहे म्हणून. "त्यांचं म्हणणं बरोबर आहे, इथं नवे ससे मिळाले आहेत," असं त्यांनी आनंदाने कळवलं होतं. आमची भेट मात्र पुन्हा झाली नाही. म्हणून सर म्हटलं की मला दिसतो तो मे महिन्यातला, प्लास्टर काढायचा दिवस.

वॉर्डाच्या त्या खोलीत पाठकसाहेब होते, रूथ सिस्टर होत्या, हौसाबाईचा नवरा दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. सर सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून. प्लास्टर निघालं. आतला पाय काठीसारखा झालेला, कातडी सुटलेली. एक्स-रेत मोडलेल्या जागेवर पांढरा पूल दिसत होता. पाठकसाहेबांनी नडगी दोन्ही हातांनी धरून वाकवून पाहिली. वाकली नाही. त्यांचा आवाज एकदम चढला, "सांधलं! बाई, सांधलं! उभ्या राहा."

हौसाबाई खाटेला धरून उभी राहिली. उजव्या पायावर. डावा तिने जमिनीला नुसता लावला.

"टाका वजन."

"न्हाय."

पाठकसाहेबांनी सांगितलं, सिस्टरनी सांगितलं, नवऱ्याने लांबून विनवलं. ती घामाघूम झाली होती. "तुमास्नी ठावं न्हाय," ती म्हणाली. "चाक गेलं तवा आवाज आल्ता. वाळलं लाकूड मोडल्यावानी. दोन वरसं रोज ऐकतीया म्या त्यो आवाज. पुन्ना आला तर म्या जगायची न्हाय."

तेव्हा सर पुढे आले आणि जमिनीवर बसले. तिच्या नडगीभोवती त्यांनी दोन्ही तळवे धरले आणि मोडलेल्या जागेवर कान टेकवला.

"मी ऐकतो," ते म्हणाले. "आवाज यायचाच असेल तर आधी मला येईल. टाका थोडं."

हौसाबाईने आधाराला हात टाकला तो सरांच्या डोक्यावरच पडला. तिचं अंग डावीकडे कललं. तिची टाच टेकलेली मी पाहिली. सरांचे डोळे मिटलेले होते.

"काय ऐकू येतंय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"नीट ऐका."

"काही नाही," सर म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. "बाई, काहीच नाही."

तिने दुसरा पाय उचलला. मग त्यांच्या हातांतून डावा सोडवून घेतला आणि पुढे टाकला. नवरा धावला, त्याला तिने हाताने थांबवलं. खाटेपासून दारापर्यंत ती एकटी गेली आणि आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो. दाराशी पोचून ती वळली आणि हसत ओरडली, "उटा की डाक्तर आता!"

तेव्हा मी मागे पाहिलं. सर उठले नव्हते. ते जमिनीवर तसेच, मान एका बाजूला कलती ठेवून, अजून ऐकत होते.